गोठा आणि अंगण : मुक्या जिवांची मूत्रपिंडे

“कालपर्यंत अगदी चांगला होता हो, आणि आज डॉक्टर म्हणतात, दोन्ही किडन्या गेल्या!” जनावरांच्या दवाखान्यातील बाकावर ज्यांना कधी तासभर बसावे लागले आहे, त्यांच्या कानी हे वाक्य पडल्यावाचून राहिले नसेल. या सदराकडे येणाऱ्या पत्रांतही ते निरनिराळ्या शब्दांत भेटत असते. त्याच्यामागून दोषारोप येतात. कोणी डॉक्टरांना दोष देतो, कोणी आदल्या दिवशी पाहुण्यांनी भरविलेल्या पुरणपोळीला, तर कोणी बदललेल्या हवेला. एखाद्या विषाने किंवा लघवी अडल्याने मूत्रपिंडे खरोखरच एका-दोन दिवसांत निकामी होतात, हे खरे. त्याविषयी पुढे लिहिणारच आहोत. परंतु वयस्क कुत्र्यामांजरांच्या बाबतीत बहुधा ती काल गेलेली नसतात. ती वर्ष-दोन वर्षे हळूहळू जात असतात, आणि घरातील माणसांना ते आज कळते. असे का व्हावे, आणि ते थोडे आधी कळावे म्हणून घरच्या माणसाने काय पाहावे, हे आज सांगावयाचे आहे.

आपल्या घरांत या अवयवाला नावे तरी किती! आयुर्वेदाचा वृक्क, शाळेच्या पुस्तकातील मूत्रपिंड, इंदूर-ग्वाल्हेरकडील आपल्या स्वयंपाकघरांत बाजारातून आलेला गुर्दा, आणि आता सर्वांच्या तोंडी बसलेली किडनी. मांसाहारी घरांतील भगिनींनी बोकडाचा गुर्दा हाती धरून पाहिलेला असतो. काजूच्या बीसारखा, गुळगुळीत, तांबूस-तपकिरी, एका बाजूस खळगा असलेला. त्या खळग्यातूनच रक्तवाहिनी आत जाते आणि मूत्रवाहिनी बाहेर निघते. पोटाच्या पोकळीत अगदी वर, कण्याच्या दोहों बाजूंस, चरबीच्या गादीत ही जोडी बसविलेली असते. दोहोंचे मिळून वजन शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. परंतु विश्रांतीच्या वेळी हृदय जेवढे रक्त बाहेर लोटते, त्याचा पाचवा ते चौथा हिस्सा या दोन लहानशा गोळ्यांतून जातो. एवढे रक्त तेथे जाते ते पोषणासाठी नव्हे, गाळले जाण्यासाठी.

गाळण्याचे हे काम नेफ्रॉन नावाच्या सूक्ष्म घटकाकडे असते. केसाहून बारीक रक्तवाहिन्यांचा एक गुंता, त्याभोवती पेल्यासारखे आवरण, आणि पेल्यापासून निघालेली लांबलचक वळणावळणाची नळी, असे त्याचे स्वरूप. गाईच्या एका मूत्रपिंडात असे सुमारे ४० लाख घटक असतात, माणसाच्या एकात सुमारे १० लाख, कुत्र्याच्या एकात सुमारे ४ लाख आणि मांजराच्या एकात २ लाखांहून किंचित कमी. दहा किलो वजनाच्या कुत्र्याच्या शरीरात दिवसाकाठी सुमारे ५० लिटर द्रव या पेल्यांतून गाळला जातो, म्हणजे त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचपट! बाहेर मात्र पडते ती पाव ते अर्धा लिटर लघवी. उरलेले सारे पाणी, साखर आणि शरीराला हवे तेवढे क्षार नळीच्या भिंती परत घेतात. गाळणे हे मूत्रपिंडाचे निम्मेच काम झाले. परत घेणे हे दुसरे, आणि आमच्या मते अधिक विलक्षण. पाणी किती परत घ्यावयाचे याचा हिशेब तेथे क्षणोक्षणी चाललेला असतो. उन्हाळ्यात जनावराची लघवी गडद व थोडी होते, ती याच हिशेबाने.

आता मुख्य मुद्दा. जन्मतः लाभलेले नेफ्रॉन आयुष्यभर पुरवावे लागतात. एकदा मेलेल्यांच्या जागी नवे येत नाहीत. राहिलेले मात्र आकाराने वाढतात आणि मेलेल्यांचे काम अंगावर घेतात. त्यामुळे निम्मे नेफ्रॉन नाहीसे झाले तरी जनावराच्या चालण्याबोलण्यात काही फरक दिसत नाही. सुमारे दोन-तृतीयांश गेले म्हणजे पाणी परत घेण्याची शक्ती उणावते. लघवी पाण्यासारखी पातळ व पुष्कळ होऊ लागते, आणि ती भरून काढण्यासाठी जनावर अधिक पाणी पिऊ लागते. आणि तीन-चतुर्थांश गेले म्हणजे कोठे रक्तातील युरिया व क्रिएटिनीन वाढून नेहमीच्या तपासणीत दिसू लागतात. तेव्हाच उलट्या, अन्नावरची वासना उडणे, तोंडाला उग्र दर्प, तोंडात फोड, खंगणे ही लक्षणे येतात. मूत्रपिंडे रक्तपेशी घडविण्याचा संदेश देणारे एक द्रव्यही तयार करतात. त्यात खंड पडल्याने हिरड्या पांढुरक्या दिसू लागतात. हे सारे ‘आज’ दिसते. पण त्याआधी दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश या टप्प्यात जो काळ जातो, त्यात एकच लक्षण उघड असते, आणि घरात त्याचा नेमका उलटा अर्थ लावला जातो. “आमचा मोती भरपूर पाणी पितो, लघवीही स्वच्छ, अगदी पाण्यासारखी होते,” हे समाधानाने सांगितले जाते. म्हाताऱ्या कुत्र्याची लघवी सदोदित पाण्यासारखी असणे ही समाधानाची गोष्ट नव्हे. मधुमेहादी अन्य कारणांनीही तहान वाढते, पण त्यांतील एकही दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

मोजमापाची रीत सोपी आहे. सकाळी मापून पाणी ठेवावे, दुसऱ्या सकाळी उरलेले मापावे, वजाबाकी करावी. असे तीन दिवस केले म्हणजे अंदाज येतो. कुत्र्याने दिवसाकाठी वजनाच्या दर किलोमागे १०० मिलिलिटरांहून अधिक, किंवा मांजराने ५० मिलिलिटरांहून अधिक पाणी पिणे हे पशुवैद्याला दाखविण्याजोगे समजावे. अलीकडच्या वर्षांत एस. डी. एम. ए. नावाच्या द्रव्याची रक्ततपासणी निघाली आहे; ती क्रिएटिनीनच्या आधी बिघाडाची वर्दी देते. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत ती होते. सात-आठ वर्षांवरील कुत्र्यामांजराची लघवी व रक्त वर्षातून एकदा तपासून घेणे हा खर्च आम्हांस तरी अवाजवी वाटत नाही. गेलेले नेफ्रॉन औषधाने परत येत नाहीत. पण आहार बदलून, स्फुरद कमी करून, रक्तदाब आटोक्यात ठेवून उरलेल्यांवर कित्येक वर्षे काढता येतात.

घरोघरच्या प्राण्यांची मूत्रपिंडे मात्र एका साच्यातील नसतात. कुत्रा, मांजर, शेळी, मेंढी यांची काजूच्या घाटाची. डुकराचीही तशीच, पण चपटी. घोड्याचे डावे तसे, आणि उजवे मात्र पत्त्यांतील बदामासारखे! गाईम्हशींची तर पाहणाऱ्याला बुचकळ्यात टाकतात. गाईचे मूत्रपिंड गुळगुळीत नसते. वीसेक खंड एकत्र बांधल्यासारखे, द्राक्षांचा दाट घोस दाबून ठेवावा तसे ते दिसते. त्यातही गाईचे डावे मूत्रपिंड डावीकडे राहतच नाही. डावी बाजू सारी पोटाच्या पहिल्या कप्प्याने, म्हणजे रुमेनने व्यापलेली असते. तो चाऱ्याने भरला की डाव्या मूत्रपिंडाला ढकलून मध्यरेषेपलीकडे उजवीकडे नेतो आणि पोट रिकामे झाले की ते पुन्हा थोडे अलीकडे येते. जागेवर घट्ट न बसता झोक्यासारखे लोंबणारे हे मूत्रपिंड, गाभण तपासताना पशुवैद्याच्या हाताला लागते.

रवंथ करणाऱ्या जनावरांचे आणखी एक वैशिष्ट्य आम्हांस फार मोलाचे वाटते. युरिया हा आपल्या दृष्टीने टाकाऊ पदार्थ. पण उन्हाळ्यात निव्वळ वाळल्या कडब्यावर दिवस काढणाऱ्या बैलाची मूत्रपिंडे तो बाहेर न टाकता राखून ठेवतात. तो रक्तातून लाळेत उतरतो, लाळेबरोबर रुमेनमध्ये जातो, आणि तेथील सूक्ष्मजंतू त्यापासून पुन्हा प्रथिने घडवितात. ती प्रथिने पुढे बैलाच्याच अंगी लागतात. ज्याला आपण निकृष्ट चारा म्हणतो, त्यावर वैशाखातील जनावर उभे राहते त्यात या काटकसरीचा मोठा वाटा आहे.

लघवीचा गुणधर्मही खाण्याप्रमाणे बदलतो. गवत खाणाऱ्यांची लघवी अल्कधर्मी, मांस खाणाऱ्यांची आम्लधर्मी. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बर्नार याने याविषयीचा आपला एक अनुभव १८६५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नमूद केला आहे. बाजारातून त्याच्या प्रयोगशाळेत आणलेल्या सशांनी मेजावर लघवी केली, ती स्वच्छ आणि आम्ल निघाली. वस्तुतः सशाची लघवी गढूळ आणि अल्क असावयास हवी. त्याने विचार केला, यांना बरेच तास खावयास मिळालेले नसावे, आणि उपाशी जनावर स्वतःच्याच मांसावर जगते. म्हणजे त्या वेळेपुरते ते मांसाहारीच झाले. गवत घालताच लघवी गढूळ झाली, उपाशी ठेवताच पुन्हा स्वच्छ. घोड्यावरही त्याने हाच पडताळा घेतला. गोठ्यात याचा उपयोग असा की, दोन दिवस चारा न खाल्लेल्या जनावराची लघवी तपासावयास द्याल तेव्हा तो उपवासही सांगा, नाहीतर तपासणीचा अर्थ चुकतो. आणि घोड्याची दाट, दुधट, तारा येणारी लघवी पाहून पू झाला असे समजून घाबरू नका. घोड्याच्या मूत्रपिंडात श्लेष्मा स्रवणाऱ्या ग्रंथी असतात आणि लघवीत चुन्याचे कण असतात. ती तशीच असावयाची.

आता लघवी अडण्याविषयी. येथे दिवसांचा नव्हे, तासांचा प्रश्न असतो. म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मूतखडा नर-मादी दोघांनाही होतो, पण गाय, शेळी किंवा मांजरी यांचा मूत्रमार्ग आखूड व रुंद असल्याने खडा बहुधा वाहून जातो. बैल, रेडा, बोकड यांचा मूत्रमार्ग लांब, अरुंद आणि वाटेत इंग्रजी ‘एस्’ अक्षरासारखे वळण घेतलेला असतो. खडा त्या वळणावर अडकतो. बोकडाच्या मूत्रमार्गाच्या टोकाला शेपटीसारखा एक बारीक धागा असतो, तेथेही अडकतो. फार लहान वयात खच्ची केलेल्या खोंडाचा वा बोकडाचा मूत्रमार्ग पूर्ण रुंद होत नाही, आणि त्यातच त्याला भरडा, गव्हाचा कोंडा, चुनी असे स्फुरदाने भरलेले खाद्य भरपूर मिळाले, की खड्याला आवतणच. कौतुकाने पोसलेल्या बोकडावर हा प्रसंग येतो, रानात चरणाऱ्यावर क्वचित, हे लक्षात ठेवावे. हिवाळ्यात थंड पाणी जनावर कमी पिते, तेव्हा रेडकांत व करडांत हा त्रास अधिक दिसतो.

लक्षणे ठळक असतात. जनावर वारंवार लघवीची पोज घेते, कुंथते, शेपटी झटकते, मागचे पाय आपटते, दात खाते. थेंब पडतात किंवा तेही नाहीत. शिश्नाच्या टोकावरील केसांना पांढरी वाळूसारखी रवाळी चिकटलेली असते. शेळीचे पिल्लू ओरडते. पुष्कळ ठिकाणी याला बद्धकोष्ठ समजून तेल पाजले जाते आणि एक दिवस जातो. आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक विपरीत गोष्ट घडते: जनावराचे कुंथणे थांबते, ते शांत होते, थोडे पाणीही पिते. घरच्यांना वाटते, उतार पडला. उतार पडलेला नसतो. मूत्राशय फुटलेले असते. ताण गेल्याने वेदना थांबतात, लघवी पोटाच्या पोकळीत साठू लागते, आणि पुढील दोन-तीन दिवसांत पोट दोहों बाजूंनी घड्यासारखे फुगते. या स्थितीतही जनावरे वाचतात, पण वाचविणे कठीण होते.

मूत्राशय फुटण्यापूर्वी जनावर पोहोचले तर आज चांगला उपाय आहे. पोटाला लहानसा छेद घेऊन मूत्राशयात रबराची नळी बसवितात व तिचे तोंड बाहेर ठेवतात. लघवी त्या वाटेने जाते, मूत्रमार्गाला विश्रांती मिळते, पोटात नवसागराची मोजून मात्रा देऊन लघवी आम्ल करतात, आणि खडे बहुधा आठ-पंधरा दिवसांत विरघळून किंवा सुटून नैसर्गिक वाट मोकळी होते. ही शस्त्रक्रिया पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत होते. इंदूरकरांना महूचे महाविद्यालय हाताशी आहे, ते १९५५ पासून चालू आहे. बडोदेकरांना आणंदचे जवळ पडते, आणि हैदराबादकरांना राजेंद्रनगरचे. नवसागर घरी अंदाजाने पाजू नये, हे आवर्जून सांगतो. प्रतिबंध मात्र घरचाच आहे: थंडीत कोमट पाणी, चाटण्यास मिठाची वीट, खाद्यात स्फुरदाच्या दुपटीने चुना पडेल असे मिश्रण, आणि खच्ची करण्याची घाई न करणे.

मांजराच्या घरातही हेच नाटक घडते, पण बंद खोलीत. बोका वाळूच्या परातीत पुन्हापुन्हा जाऊन बसतो, केविलवाणे ओरडतो, मागचा भाग चाटत राहतो. त्यालाही शौचाला होत नाही असे समजून एरंडेल पाजले जाते. मूत्रमार्ग पूर्ण बंद झाला असेल तर रक्तातील पोटॅशियम वाढत जाते आणि एक-दोन दिवसांत हृदयच बंद पडू शकते. मूत्रपिंडांना काही झालेले नसताना, केवळ पुढची वाट बंद म्हणून, तरुण धडधाकट बोका मरतो. सकाळी लक्षात आले तर दुपारची वाट पाहू नये, एवढेच आमचे सांगणे.

मांजराचा मूळ पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातील रानमांजर. शिकारीच्या मांसातील ओलाव्यावर जगावयाचे आणि लघवी अतिशय दाट करून पाणी वाचवावयाचे, हा त्या कुळाचा स्वभाव. म्हणून मांजराला तहान उशिरा लागते. अशा प्राण्याला आयुष्यभर निव्वळ कोरड्या गोळ्यांवर ठेवले तर त्याच्या अंगात पाणी कोठून जावे? ओले खाद्य देणे, पाण्याची भांडी खाण्यापासून दूर दोन-तीन ठिकाणी ठेवणे, हे त्यासाठी. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट विकार फार आढळतो. आणि एक नवी गोष्ट आमच्या भगिनींनी ध्यानात घ्यावी: समारंभातून घरी येणाऱ्या पुष्पगुच्छांत मोठ्या पाकळ्यांची, गर्द परागाची जी खरी लिली असते, ती मांजराच्या मूत्रपिंडांना भयंकर विषारी आहे. पान, पाकळी, अंगावर सांडलेला व चाटला गेलेला पराग, फुलदाणीतील पाणी, काहीही पुरते; तीन दिवसांत मूत्रपिंडे बंद पडू शकतात. आपल्या अंगणात पहिल्या पावसानंतर उगवणारी पावसाळी लिली वेगळ्या कुळातील. तिचा हा दोष नाही.

कुत्र्याचे शत्रू स्वयंपाकघरात आणि औषधांच्या पेटीत असतात. द्राक्षे, बेदाणे व मनुका यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे एकाएकी निकामी होतात, हे गेल्या पंचवीसेक वर्षांत पुष्कळ उदाहरणांवरून दिसले आहे; २०२१ पासून त्यातील टार्टारिक आम्लावर संशयाचे बोट आहे. हेच आम्ल चिंचेत भरपूर असते. कोणता कुत्रा किती सोसेल याचा नेम नाही, म्हणून शिऱ्यातील बेदाणे वेचून देण्याचा लाड बंद करावा आणि चिंचेची वाटी उंचावर ठेवावी. त्याहून मोठा धोका दुखण्यावरच्या माणसांच्या गोळ्यांचा. म्हातारा कुत्रा लंगडू लागला की आयबुप्रोफेनची अर्धी गोळी गुळात घालून दिली जाते. अंगातील पाणी कमी झाले असता मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकविणारी जी द्रव्ये शरीर तयार करते, नेमकी तीच ही औषधे थांबवितात. कुत्र्याला ती माणसाहून फार लवकर बाधतात. मांजराला तर पॅरासिटॅमॉलची एक गोळी प्राणघातक ठरते. तो मूत्रपिंडाचा नव्हे, रक्ताचा घात, पण गोळी त्याच पेटीतली.

पावसाळ्याचा शत्रू लेप्टोस्पायरा हा जंतू. तो उंदीर, कुत्रा, गाय यांच्या मूत्रपिंडांतील नळ्यांत ठाण मांडतो आणि लघवीवाटे महिनोन्‌महिने बाहेर पडत राहतो. उंदीर स्वतः ठणठणीत असतो. साचलेल्या पाण्यातून, पायाच्या जखमेवाटे तो माणसाच्या अंगात शिरतो. जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत याची मोठी साथ आली होती. कोकण-गोव्याकडील आपल्या वाचकांना ‘लेप्टो’ हा शब्द नवा नाही. कुत्र्यासाठी लस आहे, ती दर वर्षी टोचावी लागते. आणि पावसात गोठा झाडणाऱ्याने पायांत रबरी बूट घालावे. गोमूत्राच्या गुणांची चर्चा करण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र कोणत्याही जनावराची ताजी लघवी उघड्या जखमेला लागू देऊ नये, एवढे सर्वमान्य असावे.

लाल लघवीविषयी बरीच पत्रे येतात. लाल लघवी म्हणजे मूत्रपिंडाचाच विकार असे नाही. व्यायल्यानंतर दोन-चार आठवड्यांत म्हैस कॉफीसारखी लघवी करू लागली, तर बहुधा रक्तातील स्फुरद उणावून तांबड्या पेशी फुटत असतात. संकरित गाईला गोचीड तापात होते तेही पेशी फुटूनच. घोडा पुष्कळ दिवस पूर्ण खुराकावर उभा ठेवून एकाएकी कामाला लावला, तर त्याचे स्नायू आखडून फुटतात आणि त्यांतील रंग लघवीत उतरतो. पावसाळाभर ठाणावर उभ्या राहिलेल्या वरातीच्या घोडीच्या मालकांनी हे विसरू नये, कारण तो रंग पुढे मूत्रपिंडांनाही इजा करतो. घरी एक साधी परीक्षा करता येते. लघवी स्वच्छ काचेच्या पेल्यात तासभर स्थिर ठेवावी. तांबडा गाळ तळाशी बसून वर पाणी निवळले तर कोठे तरी रक्तस्राव आहे. सबंध पेला एकसारखाच तांबडा राहिला तर पेशी किंवा स्नायू फुटले आहेत. पेला घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

कोंबडीविषयी थोडेच लिहितो, पण तिच्यावाचून पुढची गोष्ट सांगता येणार नाही. पक्ष्यांची मूत्रपिंडे तीन-तीन खंडांची, कटीच्या हाडाच्या खोबणीत रुतलेली असतात. मूत्राशय नसते. युरियाऐवजी पक्षी युरिक आम्ल टाकतात. विष्ठेवरील पांढरा चुना म्हणजे तेच. मूत्रपिंडे बंद पडली की हा चुना हृदयावर, यकृतावर, खुद्द मूत्रपिंडांत साचून बसतो.

१९९० नंतरच्या काळात आपल्या आकाशातून गिधाडे नाहीशी झाली, त्यांच्या शवांत नेमका हाच चुना सापडला. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ ते २००७ या काळात हजारांत एखादे उरावे इतकी घटली. पाकिस्तानात केलेल्या संशोधनाने २००४ साली कारण पुढे आले: डायक्लोफिनॅक. लंगड्या, तापलेल्या गाईबैलांना हे दुखणे थांबविणारे स्वस्त इंजेक्शन सर्रास दिले जाई. गाईला ते बाधत नसे. पण ते घेतल्यावर लवकरच मेलेल्या गाईचे मांस खाणाऱ्या गिधाडाची मूत्रपिंडे दोन-तीन दिवसांत निकामी होत. मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करण्याची पारशी बांधवांची शतकानुशतकांची रीत, मुंबईच्या डुंगरवाडीवर यामुळेच अडचणीत आली.

भारताने २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी घातली. मग माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत जाऊ लागल्या. म्हणून २०१५ मध्ये माणसांसाठीचे इंजेक्शनही ३ मिलिलिटरांच्या एका मात्रेपुरतेच विकावे असा नियम झाला. अशा एका कुपीत ७५ मिलिग्रॅम औषध असते. ४०० किलोच्या बैलाला दर किलोमागे एक मिलिग्रॅम या हिशेबाने अशा पाच-सहा कुप्या फोडाव्या लागतील, मग स्वस्ताई राहते कोठे! केटोप्रोफेन व असेक्लोफिनॅक यांवरही २०२३ साली जनावरांपुरती बंदी आली. असेक्लोफिनॅक गाईच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफिनॅकच होते. मेलोक्झिकॅम हे त्याच कामाचे औषध गिधाडांच्या मूत्रपिंडांना सोसते असे तपासून ठरले आहे आणि ते सर्वत्र मिळते. गाईसाठी औषध लिहून घेताना डॉक्टरांना त्याचे नाव विचारावयास संकोच करू नये. आणि मागे उरलेली कुपी कपाटात असेल, तर तिच्यावरील नाव आजच वाचून पाहावे.